तीन पोती की साठ किलोमीटर

गिऱ्हाईक शोरूममध्ये आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "एका चार्जिंगमदी किती जाती?" पाणी पिऊन झालं की दुसरा. "आन् उचलती किती?" विजेवर चालणाऱ्या पिकअपच्या बाबतीत या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी भांडतात. ते भांडण मिटवणं ही माझी शेवटची काही वर्षं नोकरी होती.

त्याआधी पंचवीस वर्षं मी डिझेल पिकअपची इंजिनं उघडली. आमचं वर्कशॉप नारायणगावात. जुन्नर-आंबेगावातली अर्धी टोमॅटो, कांदा, दुधाची वाहतूक माझ्या हाताखालून गेलेली. गाडी अंगणात शिरली की आवाजावरून कुठला नोझल खराब आहे ते सांगायचो, आणि त्याचा मला गर्वही होता. मग शेठनी विजेच्या गाड्या आणल्या. त्यांचं झाकण उघडलं तर आत बघायला काही नाही. आवाज नाही, धूर नाही, तेल नाही. शेठ म्हणाले, "मेस्त्री, आता हात ऱ्हाऊ द्या, तोंड चालवा." तसा मी डेमो दाखवणारा झालो. नाव मात्र मेस्त्रीच राहिलं.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडी, बॅटरी, चालवणारा आणि माल या सगळ्यांचं मिळून वजन किती असावं हे सरकारी कागदावर ठरलेलं असतं. ते वाढवता येत नाही. मग बॅटरी मोठी घेतली की तेवढा माल कमी घ्यायचा. लांबच्या वाटेला निघालेला माणूस भाकरी जास्त बांधतो आणि डोक्यावरचं बाकीचं ओझं हलकं करतो, तसंच हे. आमच्याकडे एकाच गाडीचे दोन प्रकार होते. लहान बॅटरीची गाडी पन्नास किलोची वीस पोती घ्यायची आणि सपाटीला शंभरेक किलोमीटर जायची. मोठ्या बॅटरीची साठ किलोमीटर जास्त जायची, पण सतराच पोती घ्यायची. तीन पोती की साठ किलोमीटर, एवढाच काय तो सवाल.

सवाल सोपा, पण माणसं सोपी नसतात. शेतकऱ्याला विहिरीची खोली माहीत असते, म्हशीचं वेत माहीत असतं. आपली गाडी रोज किती चालते हे विचारलं तर तो बायकोकडे बघतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला एक वही द्यायचो आणि आठ दिवस रोजचा माल आणि रोजचं अंतर लिहायला सांगायचो. वही भरून आली की मगच गाडीचं बोलायचं. शेठना हे पटत नसे. "मेस्त्री, वही भरूस्तोवर गिऱ्हाईक आळेफाट्याला दुसरी गाडी घ्येतंय," म्हणायचे. पण वहीवाली गिऱ्हाइकं सहसा तक्रार घेऊन परत आली नाहीत.

बोरी बुद्रुकचे बबनराव आले ते मोठ्या बॅटरीचं नाव घेऊनच. "सगळ्यात लांब जाणारी द्या. उगा वाटंत खोळंबा नको." मी विचारलं, सगळ्यात लांब कुठं जाता? त्यांनी बराच विचार केला. "मागं पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेलतो." आणि रोज? रोज शेतातून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट, आणि परत. आठ दिवसांच्या वहीत एकदाही पन्नास किलोमीटरचा आकडा नव्हता. मी म्हटलं, "बबनराव, मोठी बॅटरी घेतलीत तर दर खेपेला सात क्रेट बांधावर ठेवून यावं लागंल."

"सात?" ते उठूनच उभे राहिले. "ते काय पाव्हणं हायत का, बांधावर बसवून ठिवायला!"

लहान बॅटरी घेतली. पण मनातली धास्ती जाईना. गाडी चालवताना त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि पडद्यावरच्या टक्क्यांवर जास्त. एक्क्याऐंशीचे ऐंशी झाले की मला फोन. "मेस्त्री, एक टक्का गेला. काय बिघाड तर नाय ना?" दिवसाला चार-चार फोन. मग एकदम फोन बंद झाले. मला काळजी वाटली म्हणून बाजारात त्यांना गाठलं, तर पडद्यावर टॉवेल टाकलेला आणि शेजारच्या सीटवर त्यांच्या मंडळी, शांताबाई. त्या म्हणाल्या, "ह्यांचं ध्यान नाय रस्त्याव. परवा येष्टीखाली घालत व्हते. म्हणलं, टॉवेल मी काढीन. घरी गेल्याव." पुढे दोन वर्षं ती गाडी टॉवेलखाली चालली. बबनरावांना आपल्या गाडीत किती टक्के शिल्लक आहेत हे फक्त शांताबाईंच्या तोंडून कळायचं, आणि त्या खरं सांगत असतील याची मला खात्री नाही.

अशा चार-दोन गिऱ्हाइकांमुळे मला वाटायला लागलं की हा सवाल आपल्याला सुटला. जड माल आणि जवळची वाट असेल तर लहान बॅटरी. हलका माल आणि लांबची वाट असेल तर मोठी. इतकं सोपं. आणि तेव्हाच मढच्या मंदाताई आल्या.

मढ म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेला, माळशेजच्या वाटेवरचं गाव. भातशेतीचा मुलूख. मंदाताई पंचेचाळिशीच्या, शिडशिडीत, बोलायला तुटक. आसपासच्या वाड्यांतल्या अकरा बायका मिळून इंद्रायणी तांदूळ एकत्र करायच्या आणि विकायच्या. त्यांना स्वतःची गाडी हवी होती, आणि ती चालवणार होत्या मंदाताई स्वतः. लायसन्स आधीच काढून आल्या होत्या. वहीसुद्धा अकरा हातांनी, अकरा अक्षरांत, पण नीट भरलेली. जास्त करून मढ ते जुन्नर, मधून ओतूर. माल जड. मी वही मिटली आणि म्हटलं, लहान बॅटरी.

त्यांनी एकच विचारलं. "मेस्त्री, गणेश खिंड चढंल का?"

मढहून जुन्नरला जायचं तर मध्ये ही खिंड. वळणावळणाचा चढ. मी म्हटलं, "चढंल का म्हंजे? तुमच्यासमोर चढवून दाखवतो." आणि दाखवली. पूर्ण चार्ज केलेली गाडी, वीस पोती माल, शेजारी मंदाताई. गाडी चढली तशी मी ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं."

त्या दिवशी उन्हाळा होता. गाडी पूर्ण चार्ज केलेली होती. अर्ध्या चार्जवर, भर पावसाळ्यात, मढची वीज गेलेली असताना काय होईल, हे पंचवीस वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

श्रावण लागायच्या आठवड्यात सकाळी फोन आला. मंदाताई. आवाज शांत होता. "मेस्त्री, गाडी हुभी ऱ्हायली. खिंडीच्या चढाला. निम्म्यात." गाडीची रेंज संपलेली, आणि फोनला रेंज मिळावी म्हणून त्या पावसातून पुढच्या वळणापर्यंत चालत गेलेल्या.

झालं होतं असं. मंचरच्या एका दुकानदारानं पहिल्यांदाच त्यांच्याकडून वीस पोती मागवली होती. श्रावणात भीमाशंकरला गर्दी, त्या वाटेवरचे खानावळवाले याच दुकानातून तांदूळ घेतात. दुकानदारानं बजावलं होतं, दुपारी बारापर्यंत माल आला पाहिजे, नाहीतर मी दुसरीकडून उचलतो. आदल्या दिवशीच्या पावसानं मढची वीज गेली ती आलीच नाही. गाडीत पस्तीस टक्के होते. मंदाताईंनी हिशेब केला, शंभर टक्क्यांत शंभर किलोमीटर, तर पस्तीस टक्क्यांत पस्तीस. तेवढ्यात जुन्नर येतं, तिथं तासभर चार्ज करू. हिशेब बरोबर होता आणि तो मीच शिकवला होता. फक्त तो सपाटीचा होता. हजार किलो घेऊन चढताना गाडी टक्के पिते. चढाच्या निम्म्यात पडद्यावर कासवाचं चित्र आलं, गाडी रांगायला लागली, आणि थांबली.

मी डेमोची गाडी काढली. ती मोठ्या बॅटरीची होती आणि पूर्ण चार्ज होती. शेठ अजून यायचे होते, म्हणून कुणाला विचारलंही नाही.

खिंडीत पोचलो तर चाकांखाली दगड लावून गाडी कडेला उभी, माल ताडपत्रीखाली झाकलेला, आणि मंदाताईंसोबत आलेल्या हिराबाई छत्री धरून जाणाऱ्या गाड्यांना बाजूनं जायच्या खुणा करत होत्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मंदाताई म्हणाल्या, "आलात? मागची फळी खोला."

आम्ही तिघांनी पोती हलवली. पंधरा झाली, सोळा झाली, सतरा झाली. मी अठरावं उचलायला गेलो. मनात म्हटलं, तीन पोत्यांनी काय आभाळ कोसळतंय? सगळा महाराष्ट्र ज्यादा माल घालून चालतो. मंदाताईंनी पोत्यावर हात ठेवला.

"ही सतराची गाडी हाय ना?"

"हाय. पण आजच्या दिवस..."

"आमाला सांगताना तुमी काय म्हणलावता? कागदाव हाय त्याच्या वर एक किलो घालायचा नाय, उताराला बिरेक लागत नाय. मग तुमच्या गाडीला येगळा कायदा हाय का?"

पोत्यांवर 'इंद्रायणी' आणि खाली नावं लिहिलेली होती, कोणत्या घरचं कोणतं. मंदाताईंनी स्वतःची दोन खाली ठेवली आणि तिसरं हिराबाईंचं. हिराबाईंनी नुसती मान डोलावली.

माझ्या गाडीची किल्ली मीच त्यांच्या हातात दिली. रस्ता त्यांना सांगायचा होता तो सांगितला, मंचरला कुठं वळायचं ते सांगितलं. दोघी बसल्या आणि गाडी वळणाआड गेली. खिंडीत मी, एक मेलेली गाडी आणि तांदळाची तीन पोती उरलो.

ती पोती ताडपत्रीत गुंडाळून मी त्यांच्यावरच बसलो. पाच तास बसलो. माणूस आपल्या चुकीवर इतका वेळ प्रत्यक्ष बसलेला मी दुसरा पाहिला नाही. पाऊस यायचा, जायचा. खाली दरी धुक्यानं भरायची आणि रिकामी व्हायची. पहिला तास मी कंपनीला शिव्या दिल्या, दुसरा वीज मंडळाला. तिसऱ्या तासाला शिव्या द्यायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मी त्या बाईची वही वाचली होती, पण तिचा रस्ता वाचला नव्हता. किलोमीटर मोजले, चढ मोजला नाही. आणि तिनं विचारलेला एकच प्रश्न मी ऐटीत उडवून लावला होता.

एसटी गेली. ड्रायव्हरनं वेग कमी करून विचारलं, "काय राव, दुकान मांडलं का?" मी हसलो. पण थोड्या वेळानं पाऊस उघडला, मी ताडपत्री बाजूला सारली, आणि पुण्याकडची एक मोटार खरंच थांबली. पावसाळ्यात या वाटेला फिरणाऱ्यांची रीघ असते. आतल्या बाईंनी काच खाली केली. "इंद्रायणी का? कसा दिला?" मी म्हटलं, माझा नाही, मढच्या बायकांचा आहे. "मग त्यांचा नंबर द्या ना." मी दिला. मग दुसरी मोटार, मग तिसरी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर पोत्याच्या शिवणीतून चार दाणे काढून वास घेतला आणि म्हणाले, "वर्ष मुरलेला आहे. विकत का नाही हो तुम्ही?" दोन वाजेपर्यंत नंबर सांगून सांगून मला तो पाठ झाला होता.

दुपारी किसनभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. खिंडीच्या माथ्यावरच्या वस्तीत राहणारे. त्यांची तिथं पिठाची गिरणी. त्यांनी काही न विचारता दोर काढला. मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि स्टिअरिंग धरून बसलो. बैलगाडीच्या चालीनं त्यांनी आम्हाला वर ओढलं. माथ्यावरची वीज तेवढ्यात परत आली होती आणि गिरणीला थ्री फेजचं कनेक्शन होतं. वायर जोडली. गाडीवर हिरवा दिवा लागला. उभ्या आयुष्यात कुठल्या इंजिनाचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं नसेल.

मंदाताई परतल्या तेव्हा तीन वाजायला आले होते. गाडीतून उतरल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "साडेअकराला पोचलो. बाकीची तीन बी पाठवा म्हणालाय." मग डेमोच्या गाडीचा पडदा दाखवला. नारायणगावहून खिंडीत, खिंडीतून मंचर, मंचरहून परत, एवढं सगळं करून तिच्यात अजून चार्ज होता. मोठ्या बॅटरीचं काम काय असतं हे मला माझ्याच गाडीनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठपुढे उभा राहिलो. म्हटलं, माझा सल्ला चुकला, त्यांना मोठ्या बॅटरीची गाडी बदलून द्या. शेठ म्हणाले, "गाडी काय लुगडं हाय का मेस्त्री, घडी मोडून परत घ्यायला?" पण माणूस मनाचा चांगला. दोन दिवस कुरकुर केली आणि डेमोचीच गाडी अदलाबदलीत द्यायला तयार झाले.

ही खुशखबर घेऊन मी मढला गेलो. अकराजणी ओसरीवर जमल्या होत्या. चहा झाला. मी सांगितलं, आता काळजी नाही, साठ किलोमीटर जास्त जाल. मला वाटलं होतं, आनंद होईल.

मंदाताईंनी विचारलं, "आन् पोती?"

"सतरा."

"मग नको."

मी समजावायला लागलो. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "मेस्त्री, तुमाला तीन पोती म्हंजे वजन हाय. आमच्यात एकेक पोतं एकेका घरचं हाय. त्या दिशी मी माझी दोन ठिवली, हिरानं तिचं ठिवलं. एक दिवस जमलं. पन दर खेपंला कुनाची तीन मागं ठिवायची, ते सांगायला तुमी येनार का?"

 बॅटरीच्या माहितीपत्रकात याचं उत्तर कुठंच नव्हतं.

"गाडी हाय तीच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "किसनभाऊशी बोललेय मी. खिंडीच्या माथ्याव गिरणीपाशी जाता-येता गाडी चार्जिंगला लावायची. दीड-दोन तास थांबायला लागंल, तर थांबू. तुमी नंबर दिलेली मानसं अजून फोन करत्यात. तिथंच चार पाट्या तांदूळ मांडून बसू."

आणि बसल्या. किसनभाऊंच्या गिरणीच्या पडवीत एक बाकडं, वर ताडपत्री, एक-एक किलोच्या पिशव्या. गाडी चार्ज होते तोवर तांदूळ विकला जातो. पुढे नाचणी आली, मग हातसडीचा तांदूळ आला. थांबणं हा विजेच्या गाडीचा दोष, असं मी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला दबक्या आवाजात सांगत आलो होतो. या बायकांनी त्या थांबण्याचं दुकान केलं. त्यानंतर मी वहीत तिसरा रकाना आखला. माल किती, अंतर किती, आणि कुठं थांबता. तो मंदाताईंचा रकाना.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शाल-श्रीफळ झालं. आठवड्यानं मंदाताईंचा फोन. "मेस्त्री, आता मोकळे हाय ना? मी एकटी किती चालवू? बायांना गाडी शिकवा."

चौघी शिकल्या. सगळ्यात आधी हिराबाई. पन्नाशीच्या, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेल्या. गावाजवळच्या धरणाच्या कडेच्या मोकळ्या रानात मी त्यांना महिनाभर शिकवलं. पहिले आठ दिवस त्या गाडीला "हो, हो" म्हणून थांबवायला बघायच्या. ब्रेक नंतर आठवायचा. पण एकदा हात बसला तो बसला. ना क्लच, ना गिअर. "हिच्यापरीस चुलीला फुंकर घालनं अवघड हाय," म्हणायच्या.

दिवाळीच्या तोंडावर त्यांची पहिली पूर्ण खेप. जाताना वीस पोती, येताना जुन्नरहून वाड्यांवरचा किराणा. मी शेजारच्या सीटवर. जाताना पायाखाली नसलेला ब्रेक मी इतक्यांदा दाबला की पोटरी दुखायला लागली. येताना खिंडीच्या माथ्यावर गाडी चार्ज केली, चहा घेतला आणि मढच्या बाजूला उतरायला लागलो. उताराला ही गाडी चाकांच्या फिरण्यातून थोडी वीज परत गोळा करते. हिराबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मेस्त्री, त्रेसष्टचं चौसष्ट झालं बघा. उतरताना कमावती की ही!"

"रस्त्याकडं बघा," मी म्हटलं.

"बघतेय. तुमी निवांत बसा."

खाली भातं पिवळी झाली होती. काचेतून उबदार ऊन येत होतं. गाडीचा आवाज तर मुळातच नाही. हिराबाई वळण आलं की स्वतःशीच पुटपुटायच्या, "आता डावं, आता हळू." दोन वळणं मी त्यांच्याबरोबर मनात घेतली. तिसरं मला आठवत नाही.

खांद्याला हलवून त्यांनी मला उठवलं तेव्हा गाडी मढमध्ये ओसरीसमोर उभी होती आणि मंदाताई मागची फळी खोलत होत्या.

"मेस्त्री झोपलं व्हतं," हिराबाईंनी सगळ्यांना सांगितलं. चार वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. "खिंड उतरताना! मी चालवत असताना!"

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "झोप झाली आसंल तर या," त्या म्हणाल्या. "तेलाचे डबे उतरवायचे हायत."